पोरीला काय वाटतं, हे कसं विचारायचं?

(आपल्या रेडिओ केंद्रावर ‘आपला हक्क, आपलं घर’ या कार्यक्रमात झालेलं बोलणं, मैत्रिणींच्या आग्रहावरून इथे छापत आहोत.)

आज जरा वेगळ्या विषयावर बोलणार आहोत. नेहमी आपण बँकेचं कर्ज, शेळीचा विमा, रेशनकार्डावरचं नाव असं बोलतो. आजचा विषय ऐकून पहिल्यांदा वाटेल, की हे आपल्या गावचं नाही, मोठ्या शहरातल्या आणि परदेशातल्या लोकांचं आहे. आम्हालाही तसंच वाटलं होतं. पण आता आपल्या पोरी लग्न होऊन कुठे कुठे जातात. कोणाची लेक आखातात आहे, कोणाची भाची अमेरिकेत, कोणाचा मुलगा जर्मनीत. तिथे संसार मोडला, की त्याचे तुकडे इथे आपल्या ओसरीवर येऊन पडतात.

आमच्या एका गटातल्या काकूंच्या घरी तसंच झालं. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून सांगतो. काकूंची लेक नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन परदेशातून आली. महिनाभराची सुट्टी म्हणून आली आणि परत गेलीच नाही. नवऱ्याशी पटत नव्हतं, एकटी पडले होते, असं तिचं म्हणणं. मुलीला इथल्या शाळेत घातलं. चार महिन्यांनी कोर्टाची नोटीस आली. नवऱ्याने इथल्या उच्च न्यायालयात अर्ज केला होता, की माझ्या मुलीला माझ्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेऊन ठेवलं आहे, ती परत मिळावी.

महिन्याच्या मीटिंगला काकू पासबुक घेऊन आल्या आणि बसल्या बसल्या रडायला लागल्या. हप्ते बाजूला राहिले. सगळ्याजणी सल्ला द्यायला लागल्या आणि त्यात आम्हीही होतो. आम्ही काय म्हणालो ते सांगतो, कारण त्याचीच आम्हाला आज लाज वाटते. आम्ही म्हणालो, “काकू, काही घाबरू नका. पोरगी मोठी आहे. साहेब तिला विचारणारच. तिला नीट शिकवून ठेवा. बाबा रागावतात म्हणायचं, तिकडे आवडत नाही म्हणायचं, आईजवळच राहायचं म्हणायचं. पोरीने सांगितलं की झालं काम.”

काकूंनी घरी जाऊन तेच केलं. पंधरा दिवसांनी आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा पोरगी उंबऱ्यावर बसली होती. आधी आम्हाला बघून पळत यायची. त्या दिवशी उठली नाही. अंथरूण ओलं करायला लागली आहे, असं काकू हळूच म्हणाल्या. आम्ही शेजारी बसलो, तशी तिने विचारलं, “मावशी, मी काय बोलले तर आईपण रडणार नाही आणि बाबापण?”

मैत्रिणींनो, त्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. तिथून आम्ही हा विषय समजून घ्यायला लागलो. तालुक्याच्या विधी सेवा समितीच्या वकीलताईंकडे दोनदा जाऊन बसलो, वाचलं, विचारलं. जे कळलं ते आज सांगतो.

पहिला प्रश्न आपल्या सगळ्यांच्या मनात येतो. स्वतःच्या मुलाला आईने नेलं, बापाने नेलं, तर त्याला पळवणं कसं म्हणायचं? आपल्याकडे पोर पळवणारा म्हणजे परका माणूस, गोणीत घालून नेणारा. पण कायद्याच्या नजरेत मुलावर दोघांचाही हक्क असतो. मूल एका देशात राहतंय, तिथे त्याची शाळा आहे, मित्र आहेत, आणि दोघांपैकी एकाने दुसऱ्याची संमती न घेता त्याला दुसऱ्या देशात नेलं किंवा सुट्टीला म्हणून नेऊन परत आणलं नाही, तर त्याला पालकानेच केलेलं आंतरराष्ट्रीय अपहरण म्हणतात. शब्द जड आहे. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, असं नेणाऱ्यांमध्ये आज बहुतांश आयाच असतात. कोणी मारहाणीतून सुटायला निघते, कोणी परक्या देशात एकटी पडते म्हणून माहेरी येते. म्हणजे हा कायदा पुस्तकात दूरचा वाटला, तरी त्याची झळ बाईलाच जास्त लागते.

यासाठी जगातल्या देशांनी मिळून एक करार केला आहे. नेदरलँड्समधल्या हेग या शहरात २५ ऑक्टोबर १९८० रोजी तो झाला आणि १ डिसेंबर १९८३ पासून लागू झाला. त्याला हेग करार म्हणतात. आज १०० पेक्षा जास्त देश त्यात आहेत. १६ वर्षांखालच्या मुलांना तो लागू होतो. त्याचा मूळ नियम अगदी सरळ आहे. मूल जिथे राहत होतं त्या देशात त्याला लवकर परत पाठवा आणि ताबा कोणाला द्यायचा, हे तिथल्या कोर्टाला ठरवू द्या. ज्या देशात मूल आणलं आहे तिथल्या कोर्टाने चांगली आई कोण, चांगला बाप कोण, हा निवाडा करायचा नाही. फक्त परत पाठवायचं की नाही, एवढंच बघायचं. तेही सहा आठवड्यांत व्हावं, अशी कराराची अपेक्षा आहे.

इथे आपल्या बायकांचा एक मोठा गैरसमज असतो. परत पाठवायचं म्हणजे पोर बापाच्या हातात द्यायचं, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. परत पाठवायचं ते त्या देशात. आई बरोबर जाऊ शकते. तिला राहायला जागा द्यावी, तिला अटक होऊ नये, अशा अटी कोर्टं घालतात. नियमाला अपवादही आहेत. परत गेल्यावर मुलाच्या शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल, तर कोर्ट परत पाठवायला नकार देऊ शकतं. अर्ज करायला वर्षापेक्षा जास्त वेळ गेला आणि मूल नव्या जागी रुळलं, तरीही नकार देता येतो. आणि आणखी एक अपवाद आहे, तोच आजचा आपला विषय.

कराराच्या कलम १३ मध्ये लिहिलं आहे, की मुलाची स्वतःची परत जायला हरकत असेल आणि त्याचं वय आणि समज एवढी असेल की त्याचं म्हणणं विचारात घ्यावं, तर कोर्ट परत पाठवायला नकार देऊ शकतं. यातला एकेक शब्द वकीलताईंनी आम्हाला भाजी निवडावी तसा निवडून दाखवला.

पहिला शब्द ‘हरकत’. हरकत म्हणजे नुसती आवड नव्हे. मे महिन्यात मामाच्या गावाहून निघताना पोरं रडतातच. दोन दिवस अजून राहू म्हणतात. ती आवड झाली. ‘मला त्या देशात परत जायचं नाही, आणि का ते मी सांगतो’ असं मूल स्वतःच्या मनाने, ठामपणे म्हणालं, तर ती हरकत. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात तर स्पष्ट लिहिलं आहे, की मुलाच्या बोलण्यात साध्या पसंतीच्या किंवा नेहमीच्या इच्छेच्या पलीकडची तीव्रता दिसली पाहिजे. आणखी एक, प्रश्न ‘आई हवी की बाबा’ असा नसतो. प्रश्न असतो त्या देशात परत जाण्याचा.

दुसरा शब्द ‘वय आणि समज’. करारात आकडा लिहिलेला नाही. दहा वर्षांचं झालं की ऐकायचं आणि नऊचं असलं की नाही, असं काही नाही. आपल्याला माहीतच आहे, एका घरात आठ वर्षांची पोर धाकट्या भावंडाला सांभाळून चार पाहुण्यांचा चहा करते आणि दुसऱ्या घरात चौदा वर्षांच्या मुलाला स्वतःचं दप्तर सापडत नाही. म्हणून प्रत्येक मुलाची समज वेगळी बघतात. मूल जितकं मोठं, तितकं त्याच्या बोलण्याला वजन जास्त, हा साधारण नियम.

तिसरा शब्द ‘शकतं’. मुलाने हरकत घेतली म्हणजे कोर्टाचे हात बांधले गेले, असं नाही. कोर्ट ती हरकत तोलतं. तिच्याबरोबर इतर गोष्टीही तोलतं. मुलाचा शब्द तागडीत पडतो खरा, पण तागडीत तो एकटाच नसतो.

आता कोणी म्हणेल, मग विचारायचंच कशाला? पोरांना काय कळतं? यावर १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार झाला. आपल्या देशाने तो १९९२ मध्ये मान्य केला. त्याच्या कलम १२ मध्ये म्हटलं आहे, की ज्या मुलाला स्वतःचं मत बनवता येतं, त्याला त्याच्याशी संबंधित प्रत्येक गोष्टीत ते मोकळेपणाने मांडण्याचा हक्क आहे, आणि वय व समज पाहून त्या मताला योग्य वजन दिलं पाहिजे. कोर्टाच्या कामात मुलाला थेट किंवा कोणामार्फत तरी बोलण्याची संधी मिळाली पाहिजे. म्हणजे ऐकून घेणं ही कोणी केलेली मेहेरबानी नाही, तो मुलाचा हक्क आहे. आणि हक्क असल्यामुळेच, मुलाला बोलायचं नसेल तर गप्प राहण्याचीही मोकळीक आहे. जबरदस्तीने कोणाच्या तोंडून शब्द काढायचे नसतात.

हे ऐकून घेणं न झालं तर काय होतं, याचं एक उदाहरण इंग्लंडचं आहे. २००२ च्या डिसेंबरात एका आईने आपल्या चार वर्षांच्या मुलाला रुमानियातून इंग्लंडला आणलं. बापाने हेग कराराखाली अर्ज केला. सहा आठवड्यांचं काम तीन वर्षांच्या वर चाललं. मूल आठ वर्षांचं झालं, इंग्लंडमधल्या शाळेत रुळलं. एवढ्या वर्षांत सगळे मोठे लोक कायद्यावर बोलत होते, पण ज्याच्याबद्दल सगळं चाललं होतं त्या मुलाला काय वाटतं, हे खूप उशिरापर्यंत नीट विचारलंच गेलं नव्हतं. विचारलं तेव्हा त्याने परत जायला कडक हरकत घेतली. २००६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, हाऊस ऑफ लॉर्ड्सने, त्याला परत न पाठवण्याचा निकाल दिला. तिथे त्या मुलाच्या बाजूने स्वतंत्र वकील उभा होता. त्या पीठावर लेडी हेल नावाच्या न्यायाधीश होत्या. त्यांच्या निकालाचा आशय असा, की आयुष्य जगायचं आहे ते मुलाला, आणि मुलाचं मत आईच्या किंवा बापाच्या मतासारखंच असेल असं गृहीत धरू नये. ऐकून घेणं म्हणजे तो म्हणेल तसंच करणं नव्हे, पण ऐकून तर घ्या. त्यानंतर इंग्लंडमध्ये अशा खटल्यांत मुलांना लवकर विचारायची पद्धत पक्की होत गेली. तिथे मुलांशी बोलणारे खास अधिकारी असतात. ते मुलाला भेटतात आणि कोर्टाला अहवाल देतात.

दुसरं उदाहरण उलटं आहे, आणि तेही माहीत असायला हवं. २०१० मध्ये एक आई इटलीतून आपल्या चार मुलींना सुट्टीसाठी म्हणून ऑस्ट्रेलियाला घेऊन आली आणि तिथेच राहिली. बाप इटलीत. मुलींना परत जायचं नव्हतं. त्यांच्याशी कौटुंबिक सल्लागार बोलले होते, त्यांचं म्हणणं कोर्टापुढे गेलं होतं. तरीही २०११ मध्ये कोर्टाने परत पाठवण्याचा हुकूम दिला. आम्हाला स्वतंत्र वकील हवा होता, अशी मुलींच्या वतीने तिथल्या हायकोर्टात मागणी झाली, तीही २०१२ मध्ये फेटाळली गेली. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्या मुलींना विमानात बसवून इटलीला पाठवलं. त्यांना नेतानाचं रडणं टीव्हीवर सगळ्या देशाने पाहिलं. कोण बरोबर, कोण चूक, हे आपण इथे बसून ठरवणार नाही. पण एक गोष्ट कळते. पोरीने नाही म्हटलं की झालं काम, असं आम्ही काकूंना सांगितलं होतं, ते खोटं होतं. ज्या पोराला आपण सांगतो की तुझ्या एका शब्दावर सगळं आहे, त्या पोराला निकाल उलटा लागल्यावर काय वाटेल? माझंच बोलणं कमी पडलं, असंच ना?

तिसरं उदाहरण विचारायचं कसं, याचं आहे. २०१४ मध्ये इंग्लंडच्या अपील कोर्टापुढे १३ वर्षांच्या एका मुलीचा खटला आला. तिला माल्टा या देशात परत पाठवायचं की नाही, असा प्रश्न होता. खालच्या न्यायाधीश तिला भेटल्या होत्या. भेट तासाच्या वर चालली आणि तिला ८७ प्रश्न विचारले गेले. अपील कोर्टाने सांगितलं, हे चुकलं. न्यायाधीशाने मुलाला भेटायचं ते त्याचं ऐकायला, आणि कोर्टाचं काम कसं चालतं ते त्याला समजावून सांगायला. उलटतपासणी करून पुरावा काढायला नव्हे. खटला पुन्हा चालवायला लावला. मैत्रिणींनो, ८७ प्रश्न वाचून आम्ही कपाळाला हात लावला. पण नंतर मनात मोजलं, काकूंच्या ओसरीवर त्या नऊ वर्षांच्या पोरीला येता-जाता आम्ही सगळ्यांनी मिळून किती प्रश्न विचारले असतील? ८७ च्या वरच असतील.

आता आपल्या देशाचं. भारत हेग करारात सामील नाही. सामील व्हावं अशी शिफारस विधी आयोगाने २००९ मध्ये केली होती. २०१६ मध्ये विधेयकाचा मसुदाही झाला. पण त्याला विरोधही झाला, कारण छळातून सुटून आलेल्या आयांना तो परत ढकलेल, अशी भीती होती. २०१८ मध्ये एका समितीने वेगळा मसुदा दिला. कायदा मात्र झाला नाही. म्हणून परदेशातून मूल इथे आणलं, तर आपल्याच कायद्यांनी निवाडा होतो.

बहुतेक वेळा दुसरा पालक उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस अर्ज करतो. म्हणजे मुलाला कोर्टापुढे हजर करा, असा अर्ज. ताब्याचा खटला कौटुंबिक न्यायालयातही चालतो. दोन्हीकडे सर्वात वर असतं ते मुलाचं हित. १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा तेच सांगतो. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईजवळ असावं, असंही त्यात आहे. आणि मुलाच्या मताचं काय? ते १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात, कलम १७ मध्ये आहे. मूल समजून-उमजून पसंती सांगण्याएवढं मोठं असेल, तर कोर्ट ती पसंती विचारात घेऊ शकतं. बघा, इंग्रजांच्या काळातला कायदा, पण त्यातही ‘शकतं’ हाच शब्द आहे.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं. मुलगी आईबरोबर दिल्लीत होती आणि तिला परत आणा, असा हुकूम इंग्लंडच्या कोर्टाने दिला होता. आपल्या न्यायालयाने सांगितलं, परदेशी कोर्टाचा हुकूम ही विचारात घ्यायची एक गोष्ट आहे, पण मुलीचं हित त्याच्या वर आहे. मुलगी आईजवळ राहिली. हे ऐकून काकूंच्या लेकीला धीर आला. पण वकीलताईंनी लगेच दुसरा निकाल सांगितला, २०२२ चा. अमेरिकेत जन्मलेला, साधारण अकरा वर्षांचा मुलगा. आई त्याला २०२० मध्ये भारतात घेऊन आली. कर्नाटक उच्च न्यायालयाने मुलाच्या इच्छेला महत्त्व देऊन त्याला आईजवळ ठेवलं. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. मुलाची इच्छा काय, हा एक प्रश्न आणि मुलाचं हित कशात, हा वेगळा प्रश्न, असं न्यायालय म्हणालं. इच्छा मुलाशी बोलून कळेल, हित मात्र सगळी परिस्थिती पाहून कोर्टाने ठरवायचं. मुलाला अमेरिकेला परत पाठवण्याचा हुकूम झाला.

म्हणजे दोन्ही बाजूंचे निकाल आहेत. कोणी तुम्हाला छातीठोक सांगितलं, की भारतात आलीस म्हणजे सुटलीस, तर विश्वास ठेवू नका. आणि परदेशातल्या कोर्टात त्या बाईविरुद्ध आदेश निघू शकतो, काही देशांत तर हा फौजदारी गुन्हा आहे, हेही विसरू नका.

आता शिकवून पाठवण्याबद्दल. आमच्या मनात होतं, साहेबांना काय कळणार? वकीलताई हसल्या. म्हणाल्या, रोज हेच बघणाऱ्या माणसाला लगेच कळतं. नऊ वर्षांची पोर मोठ्या माणसाचे शब्द वापरते. बाबांनी जबाबदारी पाळली नाही, मानसिक त्रास दिला, असं बोलते. एकही चांगली आठवण सांगत नाही. जरा वेगळा प्रश्न आला की पुन्हा तेच पाठ केलेलं वाक्य म्हणते, शाळेत कविता म्हणावी तसं. आणि एकदा का हे पढवलेलं आहे असं वाटलं, की मुलीच्या खऱ्या बोलण्याचंही वजन जातं. तिला खरोखर भीती वाटत असेल, बापाने खरोखर हात उगारला असेल, तरी तिचं खरं बोलणं आपल्या शिकवणीखाली दबून जातं. कोर्टाच्या नजरेत तर नुकसान होतंच. पण त्याच्याही आधी नुकसान पोरीचं होतं. तिला वाटतं, आईवर प्रेम करायचं तर बाबांशी वैर धरलंच पाहिजे.

मग घरच्यांनी काय करायचं? आम्ही काकूंशी बोललो, त्यांच्या लेकीशी बोललो, आणि वकीलताईंच्या सांगण्यावरून एवढ्या गोष्टी ठरवल्या.

‘आई हवी की बाबा’ हा प्रश्न घरात कोणीही विचारायचा नाही. पाहुण्यांनी विचारला तर त्यांना तिथेच थांबवायचं.

मुलीला खरं आणि तिच्या वयाला झेपेल एवढंच सांगायचं. एक न्यायाधीश काका किंवा काकू तुला भेटतील, तुला काय वाटतं ते विचारतील. जे मनात आहे ते सांग, माहीत नसेल तर माहीत नाही म्हण, बोलायचं नसेल तर तेही सांग. निर्णय तुला घ्यायचा नाही, तो मोठ्या माणसांचं काम आहे.

ती बापाबद्दल चांगलं बोलली तर चेहरा पाडायचा नाही. वाईट बोलली तर खोदून विचारायचं नाही. पण मारहाण, वाईट स्पर्श असं काही तिने आपणहून सांगितलं, तर तिच्याच शब्दांत लिहून ठेवायचं आणि वकिलाला लगेच सांगायचं.

न्यायाधीशांनी मुलीला बंद खोलीत, दोन्ही पालकांना बाहेर ठेवून भेटावं, किंवा समुपदेशकांनी बोलावं, अशी विनंती वकिलामार्फत करायची. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असतात, आणि एका पक्षाने मागणी केली तर तिथलं कामकाज बंद दाराआड चालतं. भर कोर्टात, माणसांच्या गर्दीत पोराला उभं करायला नको.

फोन तोडायचा नाही. धोका नसेल तर बापाशी बोलू द्यायचं. फोन लावून देऊन बाजूला व्हायचं, खांद्यावरून वाकून ऐकत बसायचं नाही.

आणि मूल अजून परदेशातच असेल, लेक फोनवर रडत असेल, तर तिला ‘पोराला घे आणि निघून ये’ म्हणायच्या आधी तिथल्या वकिलाला, तिथल्या बायकांच्या मदत केंद्राला विचारायला सांगा. जिवाला धोका असेल तर आधी तिथल्या पोलिसांकडे आणि भारतीय दूतावासाकडे जायला सांगा. तिथल्या कोर्टाकडून मुलाला घेऊन येण्याची परवानगी मागता येते. वेळ लागतो, पण त्या वाटेने आलेल्या आईला पुढे लपून राहावं लागत नाही.

पैशाचा प्रश्न येतोच. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे बाई आणि मूल या दोघांनाही मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट बायकांना आणि मुलांना नाही. तालुका, जिल्हा आणि उच्च न्यायालय, तिन्ही ठिकाणी विधी सेवेची सोय असते. फोन १५१०० वर करा. मुलांसाठी १०९८ आणि महिलांसाठी १८१. हे तीन नंबर आपल्या गटाच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता तुम्ही विचाराल, त्या पोरीचं काय झालं? खटला अजून चालू आहे. काय होईल ते आम्हाला सांगता येत नाही आणि अंदाज बांधणारही नाही. पण काकूंच्या लेकीने एका संध्याकाळी मुलीला जवळ घेऊन सांगितलं, “मी तुला जे बोलायला शिकवलं होतं ते विसरून जा. तू काहीही बोललीस तरी मी तुझीच आई आहे.” पोरगी खूप रडली, आणि मग जेवली. हे काकूंनीच आम्हाला सांगितलं. रविवारी ती बाबांशी व्हिडिओवर बोलते. त्यांना इथली शेळीची करडं दाखवते. न्यायमूर्तींनी तिला चेंबरमध्ये बोलावलं तेव्हा ती आत काय बोलली, हे घरात कोणी विचारलं नाही. बाहेर आल्यावर ती आजीला एवढंच म्हणाली, की त्यांनी बिस्कीट दिलं आणि पूर्ण ऐकून घेतलं.

त्या मीटिंगमध्ये आम्ही जो सल्ला दिला होता, तो आम्ही सगळ्यांसमोर मागे घेतला. रजिस्टरमध्ये ठराव लिहिला, की घरातलं भांडण कोणतंही असो, पोराला साक्षीला उभं करायचा सल्ला आपल्या गटात कोणी देणार नाही. सगळ्याजणींनी सह्या केल्या, दोघींनी अंगठे दिले. तुमच्याही गटात हा विषय एकदा काढा. परदेश सोडा, शेजारच्या तालुक्यात नांदणारी लेक भांडून माहेरी येते, तेव्हाही आपण तिच्या पोराला पहिला प्रश्न तोच विचारतो.

तुमचे अनुभव आणि प्रश्न केंद्रावर पत्राने कळवा, नावं गुप्त राहतील. पुढच्या बुधवारी जमिनीच्या सातबाऱ्यावर बाईचं नाव कसं लावायचं, त्यावर बोलू. तोवर काळजी घ्या.